डोंगरावरची टाकी आणि तारांच्या जोड्या

सदर : पाना-पक्कड

मंडळी, गेल्या दिवाळी अंकात या सदरात पाण्याच्या मोटारीबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरेच निरोप आले. त्यात एका काकूंचा प्रश्न मला फार आवडला. "मोटार खाली पंपघरात, टाकी वर डोंगरावर. टाकी भरली हे मोटारीला सांगतं कोण? आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत वॉचमन ओरडतो!"

काकू, ओमानमध्येही कोणीतरी ओरडतंच. मी इथे आलो त्या काळात हे काम एक छोटी पेटी करायची. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, पुढे चार-पाच मिणमिणते दिवे. तिचं नाव शॉर्ट रेंज मोडेम. आता फायबर आहे, मोबाइलचं जाळं आहे, पण काही जुन्या पंपघरांत या पेट्या मी कालपरवापर्यंत चालू पाहिल्या आहेत. यंदा त्यांच्याबद्दलच लिहितो, कारण त्यातली एक गोष्ट तुमच्या घरातल्या इंटरनेटच्या तारेलाही लागू पडते.

टाकीजवळ एक कंट्रोलर असतो. तो पाण्याची पातळी मोजतो आणि आकडे एकामागून एक, एका रांगेत पाठवतो. याला सीरियल म्हणतात. मुंगीची रांग डोळ्यांसमोर आणा. आकडे पाठवायचे कसे, याचा नियम अमेरिकेत १९६० मध्ये ठरला, तो आरएस-२३२. १९६९ मध्ये त्याची 'सी' आवृत्ती आली आणि पुढे तीच जगभर वापरात राहिली. तारेवर उणे व्होल्टेज म्हणजे 'एक', अधिक व्होल्टेज म्हणजे 'शून्य'. एवढा सोपा मामला. पण या नियमाची धाव किती? साधारण १५ मीटर! संगणकापासून शेजारच्या प्रिंटरपर्यंत. तार लांबली की ती स्वतःच थोडी वीज साठवून ठेवू लागते, 'एक' आणि 'शून्य' यांच्या धारदार कडा बोथट होतात आणि पलीकडच्याला काही कळेनासं होतं.

दुसरी अडचण जमिनीची. आरएस-२३२ मध्ये दोन्ही टोकांची 'ग्राउंड' एका तारेने जोडलेली असते. पण डोंगरावरची जमीन आणि पंपघराजवळची जमीन विजेच्या दृष्टीने एकाच पातळीवर असेल असं नाही. मोठी मोटार सुरू झाली, डोंगरापलीकडे वीज कडाडली, की दोन्हींत फरक पडतो आणि नको तो प्रवाह त्या तारेतून धावतो. शॉर्ट रेंज मोडेम या दोन्ही अडचणींवर उपाय करतो. तो आकड्यांना लांब चालू शकेल असं रूप देतो, आणि त्याच्या आत लाइनच्या बाजूला बारीक ट्रान्सफॉर्मर असतो. सिग्नल पलीकडे जातो, पण दोन्ही टोकांच्या जमिनी एकमेकींना चिकटत नाहीत. साध्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर तो काही किलोमीटर बोलू शकतो. वेग कमी ठेवला तर आणखी लांब.

त्याला लागतात चार तारा, म्हणजे दोन जोड्या. एक बोलायची, एक ऐकायची. इकडची बोलायची जोडी तिकडच्या ऐकायच्या जोडीला लावायची. ऐकायला सोपं, पण नव्या पोरांची पहिली दमछाक इथेच होते. दोघेही बोलायच्या जोडीवर बोलत बसतात आणि ऐकत कोणीच नाही. (हे कोणत्या घरात होत नाही, सांगा!) कंट्रोलरच्या बाजूलाही तोच घोळ. २५ पिनांच्या प्लगवर कंट्रोलर दोन नंबरवर बोलतो, तीनवर ऐकतो आणि सात नंबरची ग्राउंड. ९ पिनांच्या प्लगवर मात्र तो तीनवर बोलतो, दोनवर ऐकतो आणि ग्राउंड पाचवर. पुष्कळ मोडेमांवर म्हणूनच एक छोटा खटका दिलेला असतो, बोलणं-ऐकणं अदलाबदल करायला.

बाकीची पथ्यं थोडक्यात. केबलवरची जाळी, म्हणजे शिल्ड, एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली तर ज्या जमिनी मोडेमने वेगळ्या ठेवल्या त्या आपणच पुन्हा जोडून देतो. विजेच्या तडाख्यासाठी सर्ज प्रोटेक्टर मात्र दोन्ही टोकांना हवेत, आणि त्यांची अर्थची तार आखूड हवी. मोटारीच्या पॉवर केबलच्या चरात ही केबल टाकायची नाही. आणि तपासणी नेहमी तुकड्यातुकड्याने. आधी आपल्याच मोडेमला आपलं बोलणं परत ऐकवायचं, याला लूपबॅक म्हणतात. ते जमलं की पलीकडच्या मोडेमकडून परत पाठवून घ्यायचं. कोणता तुकडा आजारी आहे हे त्यातून कळतं. सगळं एकदम जोडून 'चालत नाही' म्हणत डोक्याला हात लावण्यात अर्थ नाही.

आता जून २००७ ची गोष्ट सांगतो. तेव्हा इथे असलेल्यांना गोनू विसरता येणार नाही. रस्ते वाहून गेले, कोरड्या वादींतून समुद्रासारखं पाणी आलं, आणि मस्कतमध्ये कित्येक घरांचे नळ नंतर काही दिवस कोरडे होते. आजूबाजूला पाणीच पाणी आणि प्यायला टँकरची वाट. आमच्याकडे सूरच्या रस्त्याकडचं एक पंपघर होतं. टाकी तीन किलोमीटरवर, डोंगरावर. मधली वादी पंपघरापासून जवळच, आणि तिने आमच्या केबलचा एक मोठा तुकडा उचलून नेला होता.

ठेकेदाराची माणसं आली. चारशे मीटरचा नवा तुकडा टाकला, दोन्ही बाजूंना जोड दिले आणि दुसऱ्या साइटवर निघून गेली. त्यांच्यावर त्या आठवड्यात पन्नास ठिकाणची घाई होती. मी मीटर लावला. पलीकडे जोडी एकत्र करून इकडून रोध मोजायचा. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला जाऊन-येऊन किलोमीटरला साधारण १७५ ओहम धरायचे. तीन किलोमीटरला सव्वापाचशेच्या आसपास. दोन्ही जोड्या बरोबर तेवढ्याच भरल्या. मोडेम आणि सर्ज प्रोटेक्टर काढून मेगर लावला, जोडात ओलही नव्हती. सगळं ठीक. आणि तरीही लिंक चालेना. ९६०० च्या वेगाला नुसता कचरा. १२०० ला आणलं तर बरीच उत्तरं यायची, मधेच गळायची. आणि लागोपाठ तीन उत्तरं आली नाहीत की मोटार आपोआप बंद पडायची. ते तसंच असायला हवं, नाहीतर टाकी वाहून जाईल. पण गावाला पाणी हवं होतं. म्हणून टाकीवर एक माणूस बसवला, वॉकीटॉकी देऊन. जूनच्या उन्हात, पाळ्या लावून, रात्रंदिवस. म्हणजे आमचाही डोंबिवलीचा वॉचमनच झाला.

आमच्याकडे एक केबल जॉइंटर होते, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी इथल्या वाळूत बसून तारा जोडल्या होत्या. इंग्रजी वाचता येत नसे, पण शाळा मराठी, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच. मी त्यांना आकडे सांगितले. ते म्हणाले, "साहेब, तुमचा मीटर तार बघतो. जोडी बघत नाही."

त्यांनी टोनची पेटी काढली. एका जोडीवर पीं-पीं असा आवाज सोडला आणि दुसऱ्या जोडीवर कानाची कांडी धरली. ज्या जोडीत काहीच ऐकू यायला नको, तिथे आवाज खणखणीत. मग दोन्ही जोड उघडले. टेलिफोनच्या केबलमध्ये पहिली जोडी पांढरी-निळी, दुसरी पांढरी-नारिंगी. म्हणजे पांढऱ्या तारा दोन. आमच्या जुन्या केबलचे रंग उन्हाने उडालेले. जोडणाऱ्यांनी पहिल्या जोडात त्या दोन पांढऱ्यांची अदलाबदल केली आणि दुसऱ्या जोडात पुन्हा तशीच. त्यामुळे टोकाला येईपर्यंत प्रत्येक तार आपल्या जागी हजर. मीटरला काय दिसणार? पण मधल्या चारशे मीटरमध्ये पहिल्या जोडीतली निळी दुसरीच्या पांढरीशी संसार करत होती.

यात बिघडतं काय? जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात त्या उगीच नाही. बाहेरून येणारा गोंगाट दोघींवर सारखाच बसतो आणि मोडेम दोघींमधला फरक तेवढा ऐकतो, म्हणून गोंगाट आपोआप वजा होतो. पीळ चुकीच्या तारेशी पडला की हे गणित मोडतं आणि एका जोडीतलं बोलणं दुसरीत शिरतं. आमचे मोडेम दोन्ही बाजूंनी लाइनवर सतत सिग्नल धरून ठेवणारे होते. पंपघरातला मोडेम जोरात बोलतो, तेच त्याच्या कानात परत शिरायचं. आणि डोंगरावरून तीन किलोमीटर चालून थकलेलं उत्तर त्यात बुडून जायचं. वेग जितका जास्त, तितकं हे शिरणं जास्त. म्हणून १२०० ला थोडंफार निभावत होतं.

चाचांनी दोन्ही जोड नव्याने दिले. ९६०० ला लूपबॅक लावून रात्रभर ठेवला, एकही चूक नाही. टाकीवरचा माणूस खाली उतरला. तो ओमानी तरुण होता. आठवडाभर ज्या डोंगरावर बसला त्याच्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही, सरळ सावलीत जाऊन झोपला.

पण मला झोप येईना ती वेगळ्याच गोष्टीने. कंपनीच्या नकाशात ते जोड कुठेच नव्हते. जुने जोडही नव्हते. ते सगळे चाचांच्या डोक्यात होते, आणि चाचांची कायमची परत जायची तारीख ठरलेली होती. आखातात हे नेहमीचंच. व्हिसा संपतो, माणूस जातो, आणि त्याच्याबरोबर जमिनीखालचा अर्धा नकाशाही जातो. मागे राहणाऱ्याला वारसा मिळतो तो रंग उडालेल्या तारांचा.

मग आम्ही दोघांनी तीन दिवस त्या केबलवरून पायी चाललो. चाचा काठी रोवायचे, मी टेप धरायचो. पंपघराच्या भिंतीपासून किती मीटर, कोणत्या खांबाच्या कोणत्या बाजूला, किती खोल. प्रत्येक जोडात कोणता रंग कोणाला. लिहिताना त्यांनी एकच अट घातली. "जे उघडून बघितलंय तेवढंच लिहा. अंदाज लिहू नका." तो कागद इंग्रजी आणि अरबीत करून प्लास्टिकमध्ये घातला आणि पॅनलच्या दाराला आतून लावला. दुसरी प्रत डोंगरावर. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी.

चाचा खेडला गेले. २०१० च्या जूनमध्ये फेट वादळ आलं आणि त्याच वादीने पुन्हा हात मारला. तेव्हा साइटवर जो तंत्रज्ञ होता तो फिलिपिन्सचा. त्याची आणि चाचांची कधी गाठ पडलेली नव्हती. मी पोचलो तेव्हा त्याने दार उघडून कागद वाचला होता, बिघडलेला जोड खणून काढला होता आणि निळीची पांढरी निळीलाच लावली होती. या वेळी टाकीवर कोणाला बसवावं लागलं नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ. मुलाच्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन स्वतः प्लग दाबणारे आपल्यात बरेच आहेत. पुष्कळजण जोड्या ओळीने लावतात : एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ. दोन्ही टोकांना सारखंच आहे म्हणून स्वस्तातला टेस्टर हिरवा दिवा दाखवतो आणि तरी नेट रडतं. कारण त्या प्लगमध्ये एक जोडी एक-दोनवर असते, पण दुसरी तीन आणि सहावर. ओळीने लावलंत की तीन आणि सहावर वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा येतात, म्हणजे आमची वादीच झाली. दोन्ही टोकांना एक-दोन, तीन-सहा, चार-पाच, सात-आठ अशा जोड्या ठेवा.

आणि या सुट्टीत एक काम करा. घरातला विजेचा बोर्ड उघडा, कोणता खटका कोणत्या खोलीचा हे एकेक बंद करून बघा, आणि दाराच्या आतून चिठ्ठी लावा. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे तेही लिहा. गावाकडच्या घरातही हे करून या, आई-बाबा तिथे एकटे असतील तर नक्कीच. त्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, आणि उघडून बघितलंय तेवढंच.

पुढच्या वर्षी गीझरबद्दल लिहायचा विचार आहे. प्रश्न नेहमीप्रमाणे मंडळाकडे पाठवा. दिवाळीच्या शुभेच्छा!