ताणमुक्ती कुणाची?

२०२० च्या पावसाळ्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात मी आशाताईंसाठी 'ताणमुक्ती' शिबिर घेतलं. पाठीशी समाजकार्याची पदवी, हातात रंगीत तक्ते. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, भीती बाहेर सोडा, असं मी सांगत होते. मागच्या रांगेतून एकजण म्हणाली, "ताई, डोळे मिटले की लेकरूच दिसतं. पंधरा दिवस त्याला जवळ घेतलं नाही. मास्क एकच दिलाय, रोज रात्री धुते नि सकाळी लावते. भीती सोडू कुठं?"

माझ्या तक्त्यांत याचं उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, ज्या भीतीला पुरेपूर कारण आहे, तिला आपण मनाचा आजार का म्हणतो?

या बायकांनी करोनाच्या काळात घरोघर जाऊन ताप मोजला, मुंबई-पुण्याहून परतलेल्यांच्या नोंदी केल्या. लोक दार लावून घेत, 'तूच रोग आणशील' म्हणत. घरी आल्यावर सासूचे टोमणे, नवऱ्याचं 'सोड ते काम'. जेवायला ताट वेगळं, पण सगळ्या घराची भांडी मात्र तिनंच घासायची!

आणि मोल काय? या जादा कामाचे केंद्र सरकारने ठरवलेले महिना १,००० रुपये. म्हणजे दिवसाला ३३. करोनाने मेली तर ५० लाखांचा विमा. आजारी पडून घरी बसली तर पगारी रजा नाही, कारण पगारच नाही. २००५ साली योजना सुरू झाली तेव्हापासून सरकारदरबारी ती 'स्वयंसेविका'. बाईने केलं की काम 'सेवा' होतं, आणि सेवेला दाम मागायचा नसतो. हे आपण घरात ऐकत आलो, तेच सरकारही ऐकवतं.

कौतुकाला मात्र तोटा नव्हता. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पण या दोन्हींच्या मध्ये, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. २०२३ मध्ये पुन्हा. देवी म्हणून ओवाळायचं आणि कामगार म्हणून नाकारायचं, हा खेळ आपल्याला नवा नाही.

कुणी विचारेल, मग समुपदेशन नकोच का? हवं. झोप उडालेल्या, छातीत धडधडणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या. त्यांचं ऐकून घेणारं माणूस हवंच. पण मास्क, रजा आणि पगार यांच्या जागी समुपदेशन दिलं, तर ते बाईलाच दोषी ठरवतं: व्यवस्था ठीक आहे, तूच कच्ची आहेस! असं शिबिर मी घेतलं, याची मला लाज वाटते. आपल्यापैकी अनेक संस्थांनीही ती घेतली. शिबिराला निधी मिळतो, संपाला मिळत नाही.

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा आपल्याला बोलावणं येईल. तेव्हा आधी विचारू या: पुरेसे मास्क दिलेत? आजारपणाची रजा? कर्मचाऱ्याचा दर्जा? उत्तर 'नाही' असेल, तर तक्ते घरी ठेवू आणि आशाताईंच्या मोर्चात जाऊन उभ्या राहू.