गुरुजींचे गाऱ्हाणे आणि आपली पोरे

पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातले धानाचे गाव. अशा गावी, शिक्षकांच्या संघाने तालुक्याच्या कचेरीत निवेदन दिले असे कानावर आले, की पारावर एकच बोल ऐकू येतो, "पगार वाढवून पाहिजे असंल, दुसरं काय!" आमच्या शेतकरी बंधूंचा हा समज आम्हांस नवलाचा वाटत नाही. ज्याचे कापलेले धान बांधीतच भिजले, त्यास महिन्याचे महिन्याला पगार घेणाऱ्याचे दुःख कसे पटावे? मार्च २०२३ चा संप जुन्या पेन्शनसाठीच होता, हेही आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु या संघांच्या मागण्यांत एक मागणी अशी आहे, की ती मास्तरांच्या तोंडून निघत असली तरी मूळची आपल्या पोरांची आहे. ती म्हणजे, गुरुजींचा वेळ शाळेतच खर्च होऊ द्या.

चौथीपर्यंतची शाळा डोळ्यांपुढे आणा. वर्ग चार, गुरुजी दोन. त्यांतील एकास मतदारयादीच्या कामावर घरोघर पाठविले, म्हणजे उरलेल्या एकाने चारही वर्ग सांभाळावयाचे, खिचडीच्या तांदळाचा हिशेब ठेवावयाचा, आणि वरून मागितलेली माहिती मोबाईलवर भरून पाठवावयाची. दोन बैलांच्या नांगराला एकच बैल जुंपला तर तास कसे निघते, हे आम्ही शेतकऱ्यांस सांगावयास नको. मग पाचवीतल्या पोरास बेरीज येत नाही म्हणून आपण कोणास बोल लावतो? गुरुजींस, नाही तर पोराच्या डोक्यास!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांस शिकविण्यावाचून तीनच कामे लावता येतात : दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणुका. निवडणूक या एका शब्दाच्या पोटात मात्र बारा महिन्यांची यादी शिरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच सांगितले आहे, की यादीचे असले काम शिक्षकांकडून सुटीच्या दिवशी व शिकविण्याच्या वेळेबाहेर घ्यावे. तेव्हा संघ हे मागतो तो काही नवी सवलत मागत नाही. जे कागदावर आहे ते वर्गात उतरवा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

येथे कोणी म्हणेल, जोतीराव फुल्यांनीच १८८२ साली हंटर कमिशनपुढे गावच्या शिक्षकास गावाचे हिशेब तपासणे, दस्त नोंदविणे, टपाल सांभाळणे अशी कामे द्यावी असे सुचविले होते ना? होय, सुचविले होते. पण कशासाठी? गावात त्याचा मान वाढावा व लोकांवर त्याचे चांगले वजन पडावे म्हणून. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षक शेतकरी वर्गातला असावा, शिकून तयार झालेला असावा, व त्यास पोटभर पगार असावा असेही मांडले. आजची कामे मान वाढवीत नाहीत. ती गुरुजीस फुकटचा कारकून करून सोडतात.

वेळापत्रकाचेही तसेच. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालविण्याचे वरून ठरले. विदर्भात एप्रिलअखेर पारा चाळिशी केव्हाच ओलांडून गेलेला असतो. शिक्षकांच्या संघटनांनी यास हरकत घेतली. गंमत अशी, की त्याच वर्षी इतरत्र शाळा १६ जूनला उघडल्या आणि विदर्भात २३ जूनला. म्हणजे जूनमध्ये आमचे ऊन सरकारास दिसते, एप्रिलमध्ये दिसत नाही!

पण आम्हांस संघासही दोन शब्द ऐकवावयाचे आहेत. तालुक्यास जाऊन निवेदन द्यावयाचे, साहेबांसोबत फोटो काढावयाचा आणि परत यावयाचे, एवढ्याने गाव तुमच्या मागे उभे राहत नाही. ज्याच्या पोरासाठी भांडतो म्हणता, त्याच्या दारी किती जण गेलात? आमच्यातले काही गुरुजी शहरात बिऱ्हाड करून मोटारसायकलीने शाळेत येतात, आणि पाच वाजता त्यांचे गावाशी नाते संपते. त्यांनी कामाच्या ओझ्याची गोष्ट काढली की लोक हसतात. हे हसणे बंद करणे संघाच्याच हाती आहे. आणि वेळेचा विचार करावयाचा तर रोवणीचाही करावा. त्या दिवसांत आई बांधीवर जाते, धाकट्यास सांभाळावयास थोरली पोरगी घरी राहते, व तिचे पंधरा-वीस दिवस बुडतात. तेवढ्या दिवसांची शाळा कोणत्या वेळी भरावी, हे त्या आईस विचारल्यावाचून कसे ठरणार?

विचारण्याची जागा कायद्याने करूनच ठेविली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद आईबापच असावे लागतात, व निम्म्या बाया असाव्या लागतात. पण बहुतेक ठिकाणी कागद घरी येतो, अंगठा किंवा सही होते, आणि सभा झाली असे धरले जाते. विणकर असो, सुतार असो, कुणबी असो, ज्याचे नाव समितीत आहे त्याने पुढच्या सभेस एक दिवसाची मजुरी बुडवून बसावे. या महिन्यात कोणते गुरुजी किती दिवस व कोणत्या कामासाठी शाळेबाहेर होते, हे विचारून सभेच्या वहीत लिहवून घ्यावे. गुरुजींनीही ते न लपवता सांगावे, मग गैरहजेरी सरकारी कामाची असो की स्वतःच्या कामाची. त्या ठरावाची नक्कल संघाने आपल्या निवेदनास जोडावी आणि तालुक्यास जाताना समितीतल्या दोन बायांस सोबत न्यावे.