आधी मोजमाप, मग सुटे भाग

गाडी वळणावर नीट वागेनाशी झाली की माणसं पहिली धाव सुट्या भागांच्या दुकानाकडे घेतात. जाड अँटी-रोल बार, कडक स्प्रिंगा, उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअप. पैसे जातात, गाडी आणखी बिनसते आणि खापर गाडीवर फुटतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर, मूळचा कोल्हापूरचा, आता इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या जुन्या गाड्यांखाली शिरणं ही माझी आवड. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कारागीर व्हर्नियर लावल्याशिवाय जॉब लेथवर चढवत नाही; गाडीच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंसुद्धा न मोजताच पाना उचलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्या गाडीमुळे हे लिहितो आहे ती माझदाची एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १.८ लिटरची. माझ्या एका नाशिककर सहकाऱ्याने ती हौसेने घेतली आणि थोड्याच दिवसांत तो म्हणायला लागला, ‘‘अरे, विकून टाकतो ही. भीती वाटते चालवायला.’’ हे ऐकून मला राहवेना. एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या हलक्या ब्रिटिश गाड्यांचा वारसा त्यामागे होता. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी त्यासाठी ‘जिनबा इत्ताई’ हे सूत्र धरलं होतं. घोडा आणि स्वार एकजीव, असा त्याचा अर्थ. टनभर वजन, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन. अशी गाडी भीतीदायक वाटत असेल तर तिच्यात काहीतरी मोडलंय, झिजलंय किंवा कुणीतरी चुकीचं बसवलंय.

मी आधी त्याला नुसते प्रश्न विचारले. त्रास नेमका कधी होतो? वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? ब्रेकवर पाय असताना, की ॲक्सिलरेटर सोडल्यावर? कोरड्या रस्त्यावर, की पावसात? डावीकडे जास्त, की उजवीकडे? ‘हँडलिंग खराब आहे’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. त्याच्या उत्तरांतून मात्र चित्र स्पष्ट झालं. सरळ मोटरवेवर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी जरा बाजूला सरकते, दाबला की परत येते. ओल्या राउंडअबाउटवर मागची बाजू काही सूचना न देता सटकते. पहिल्या तक्रारीवरून माझा संशय मागच्या एका चाकाच्या दिशेवर गेला, दुसरीवरून टायरवर आणि सस्पेन्शनला उरलेल्या हालचालीवर.

टायर सर्वांत आधी, कारण रस्त्याला टेकलेलं तेवढंच असतं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३११ लिहिलं असेल तर तो टायर २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. या गाडीचे मागचे टायर नक्षी भरपूर शिल्लक असूनही म्हातारे झाले होते. नख रुतत नव्हतं. पुढचे दोन नवे आणि वेगळ्या कंपनीचे. म्हणजे चांगली पकड पुढे आणि वाईट पकड मागे. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढची पकड सुटली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर ती गरगर फिरते, आणि ते सावरणं नेहमीच्या चालकाच्या हातात नसतं. टायरवाले सर्रास उलटं करतात आणि आपण गप्प बसतो.

मग हवा. कारखान्याने या गाडीला २६ पौंड सांगितले आहेत, टायर थंड असताना. इथे ३४ भरलेली होती, कारण नेहमीच्या हॅचबॅकला तेवढी लागते. एवढ्या हलक्या गाडीला ती जास्त होते आणि खडबडीत वळणावर चाक रस्ता धरण्याऐवजी उड्या मारतं. फुकटातली दुरुस्ती म्हणतात ती हीच.

आधीच्या मालकाने १४ इंची चाकांच्या जागी १७ इंची जड चाकं आणि कुठल्याशा स्वस्त, आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या. गाडी दिसायला देखणी झाली होती खरी. उंची मोजताना मी जमिनीपासून मोजत नाही. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो, म्हणजे टायरचा आकार आड येत नाही. त्या मापावरून आणि शॉकअपच्या दांड्यावर किती जागा उरली आहे ते पाहून कळलं की मागची बाजू उभ्या उभ्याच बम्प स्टॉपच्या रबरी ठोकळ्याला जवळजवळ टेकली होती. वळणात गाडी कलली की तो ठोकळा दबतो, स्प्रिंग एकाएकी कडक झाल्यासारखी होते आणि त्या चाकावरचा भार एका क्षणात वाढतो. आधीच कडक झालेल्या टायरला तो पेलत नाही. मागची बाजू ‘सूचना न देता’ का सटकत होती, त्याचं उत्तर इथे होतं. यावर जाड अँटी-रोल बार घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवलं. वर-खाली धरून खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे जाणवला तर बहुधा टाय रॉडचं टोक. इथे सगळं घट्ट निघालं. बुश मात्र फाटलेले होते, आणि ते अलीकडेच बदललेले होते! हे लोकांना सांगितलं पाहिजे. मूळ पद्धतीचा रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. आर्म हलतो तेव्हा तो फिरत नाही, पिळला जातो. म्हणून त्याचा बोल्ट शेवटी, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचा. चाकं लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काम नवं, पावती खरी, आणि बुश निकामी. ज्या गॅरेजने हे केलं त्यांना रॅम्पवर गाडी असतानाच सगळं आवळून मोकळं व्हायचं होतं.

आता मागच्या चाकाची दिशा. चाकाचा उभा कल म्हणजे कॅम्बर, चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल म्हणजे कॅस्टर, आणि चाक किती आत किंवा बाहेर बघतं तो टो. एमएक्स-५ मध्ये पुढचा कॅम्बर-कॅस्टर आणि मागचा कॅम्बर-टो खालच्या आर्मवरच्या कॅम बोल्टनी जुळवतात. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाणी आत शिरतं आणि बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून जाम होतो. अलाइनमेंट करणारा बोल्ट हलत नाही म्हटल्यावर पुढचा टो तेवढा जुळवतो, पैसे घेतो आणि गाडी सोडतो. आम्ही गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड ठेवून दोरा ताणला. या गाडीत मागच्या चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा जरा जास्त असतं, ते धरून दोरा समांतर केला आणि पोलादी पट्टीने रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर घेतलं. मूळच्या १४ इंची रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १० मिनिटं, अंशाचा सहावा भाग. डावं मागचं चाक चक्क बाहेर बघत होतं. त्या चाकाच्या टायरवरून हात आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागायचा. ॲक्सिलरेटरबरोबर गाडी सरकण्याचं कारण हेच.

पुढचं काम कष्टाचं, पण सरळ होतं. जाम बोल्ट कापून काढले, नव्यांना ग्रीस लावलं, मागचे बुश बदलले, साध्या मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि शॉकअप, १४ इंची चाकं, चारही टायर एकाच कंपनीचे. चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकं ओझं ठेवून आधी मागचं, मग पुढचं अलाइनमेंट. कॅम्बर आधी आणि टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो बदलतोच. पुढे उणे १ अंश कॅम्बर, मागे उणे दीड, आणि मागे किंचित टो-इन. आता ती ओल्या रस्त्यावरही सटकण्याआधी बसलेल्या जागेतून जाणवून देते, आणि विकण्याची भाषा बंद झाली आहे.

ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर आहे का ते बघतात, सांध्यांतला खेळ आणि गंज बघतात, पण चाकांचे कोन मोजत नाहीत. भारतात पीयूसी धूर तपासते. कोनांचा तिथे प्रश्नच नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागचा ॲक्सल जुळवता येत नाही आणि पुढेही टोच तेवढा जुळतो. पण जुळवता येत नसलं तरी मोजता येतं, आणि खड्ड्यात आदळून वाकलेला ॲक्सल मोजल्यावरच सापडतो. पुण्या-मुंबईत चारही चाकांना सेन्सर लावून मोजणारी यंत्रं आता ठिकठिकाणी आहेत. ‘झालं साहेब’ ऐकून पैसे देऊ नका. काम सुरू करण्यापूर्वीचे आणि नंतरचे, चारही चाकांचे आकडे असलेला कागद मागा, पुढच्या खेपेला तो बरोबर न्या, आणि बुश बदलून घेत असाल तर बोल्ट चाकं जमिनीवर असताना आवळणार का, हे काम सुरू होण्याआधी विचारा.