वजनाचा तमाशा

फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले. क्रेनने त्यांचा पलंग रुग्णालयात चढवतानाची दृश्ये वाहिन्यांनी दिवसभर दळली आणि सुमारे ५०० किलो हा आकडा घरोघरी पोहोचला. त्या आजाराबद्दल मात्र कोणी फारसे बोलले नाही. तीव्र लठ्ठपणा आपल्याकडे एक तर असा तमाशा म्हणून समोर येतो, नाही तर विनोद म्हणून. नाटक-सिनेमातला जाडा माणूस धडपडला की हशा ठरलेलाच.

वैद्यकशास्त्र बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, ४० च्या पुढे गेला की त्याला तीव्र लठ्ठपणा म्हणते. साडेपाच फुटांच्या माणसाचे वजन ११० किलोंच्या आसपास गेले की हा टप्पा येतो. अशी माणसे प्रत्येकाच्या नात्यात असतात. त्यांच्या रात्री पाहा. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, मानेतल्या चरबीच्या दाबाने वाट बंद होते, श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. तासाला कितीदा तरी. घरचे म्हणतात, काय गाढ घोरतोय! सकाळी डोके जड, दिवसा गाडी चालवताना डुलकी आणि हळूहळू चढणारा रक्तदाब. मधुमेह, यकृतातली चरबी, झिजलेले गुडघे, वंध्यत्व, काही प्रकारचे कर्करोग ही यादी तर वेगळीच.

यावर सल्ला एकच: तोंडावर ताबा ठेवा. पण १९९४ मध्ये भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यापासून भूक ही केवळ मनोनिग्रहाची बाब राहिलेली नाही. खाणे कमी करून वजन उतरवले की शरीर त्याला दुष्काळ समजते; भूक वाढवणारी संप्रेरके चढतात, ऊर्जेचा खर्च घटतो. उतरलेले वजन परत का येते, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. तळणाच्या आणि साखरेच्या बाजाराला यातून सुटका नाही. पण रुग्णाला आळशी ठरवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे.

आपली आरोग्यव्यवस्था नेमके तेच करते. दंडाचा घेर मोठा असेल आणि रक्तदाब मोजण्याचा पट्टा नेहमीच्याच मापाचा असेल, तर रक्तदाब प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. म्हणजे पहिलीच नोंद चुकीची. वजनकाट्याची मर्यादा संपते, तपासणीचे टेबल अरुंद पडते, वर टोमणा मिळतो. रुग्ण पुन्हा फिरकत नाही.

विम्याची तऱ्हाही वेगळी नाही. २०१९ मध्ये विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४० हवा, किंवा हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध, आटोक्याबाहेरचा मधुमेह असे काही असल्यास ३५. मोजपट्टी पाश्चात्त्य शरीरांची आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण चरबीचे प्रमाण याज्ञिकांचे २१.२ टक्के आणि युडकिन यांचे ९.१. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह गाठतो तो यामुळे. म्हणूनच शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे सुचवले. आपण मात्र रुग्ण आणखी आजारी पडण्याची वाट पाहतो.

२०२५ मध्ये वजन घटवणारी टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइडची इंजेक्शने भारतात आली. ती गुणकारी आहेत, पण बंद केली की वजन बरेचसे परत येते. ती तज्ज्ञ डॉक्टरांच्याच देखरेखीखाली हवीत, जिमच्या काउंटरवरून नव्हे.

विमा नियामकाने शस्त्रक्रियेच्या खर्चाची अट भारतीय शरीराच्या मापाने बदलावी. राज्य सरकारने जिल्हा रुग्णालयांत भक्कम खाटा, मोठ्या क्षमतेचे वजनकाटे आणि झोपेच्या तपासणीची सोय करावी. आणि रक्तदाबाचा मोठ्या मापाचा पट्टा घ्यायला तरी कोणत्याही धोरणाची वाट पाहायला नको.