‘गंगाजल’चा ‘जय’ : एका उत्तरभागातील अर्थलोप

१

एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा उत्तरभाग फसला, की आपली समीक्षा त्याचा हिशेब तंत्राच्या खात्यावर मांडून मोकळी होते. पटकथा सैल आहे, लांबी अवाजवी आहे, संवाद पुस्तकी आहेत, अशी यादी दिली की निकाल लागला. प्रकाश झा यांच्या ‘जय गंगाजल’ (२०१६) या चित्रपटाच्या वाट्याला असेच मूल्यमापन आले. दिग्दर्शकाने स्वतःसाठी भलीमोठी भूमिका राखून ठेवली आणि प्रियांका चोप्रा यांच्या नायिकेला आपल्याच कथेत पाहुणी केले, हा आक्षेप तर सर्वांनीच घेतला. आक्षेप खोटा नाही. परंतु तो गौण आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा चित्रपट अभिनयात वा संकलनात फसण्याच्या कितीतरी आधी आपल्या शीर्षकातच फसला आहे. ‘गंगाजल’ (२००३) ही कृती ज्या विपरीत लक्षणेवर उभी होती, ती लक्षणा उत्तरभागाने वाच्यार्थ म्हणून वाचली. हा केवळ एका दिग्दर्शकाचा प्रमाद असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. तो प्रमाद आपल्या वाचनसंस्कृतीचाही आहे.

२

‘गंगाजल’ हा शब्द येथे कुठून आला, हे आधी पाहिले पाहिजे. १९७९-८० या काळात बिहारमधील भागलपूर येथे तीसहून अधिक कच्च्या कैद्यांचे डोळे पोलिसांनी फोडले आणि त्यांत अॅसिड ओतले. या अॅसिडला ‘गंगाजल’ म्हटले गेले. १९८० च्या अखेरीस ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून हे प्रकरण देशासमोर आले. ‘खत्री विरुद्ध बिहार राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिलेले निर्णय निर्धन आरोपीच्या मोफत विधिसाहाय्याच्या संदर्भात आजही उद्धृत होतात. या प्रकरणाचा दुसरा, अधिक अस्वस्थ करणारा पदर असा की, कारवाई झालेल्या पोलिसांच्या बाजूने भागलपुरात लोक रस्त्यावर उतरले होते.

पापक्षालन करणाऱ्या पवित्र जलाचे नाव डोळे जाळणाऱ्या द्रवाला देणे ही भाषेची साधी गंमत नव्हे. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत येथे मुख्यार्थाचा बाध होतो आणि विरुद्ध अर्थ लक्षित होतो. परंतु नाव देणाऱ्या पोलिसाच्या मनात ही विपरीतता उरलेली नसते. त्याच्या लेखी शुद्धीकरणच चालू असते. विपरीतता कळते ती ऐकणाऱ्याला. म्हणजे हा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी वाच्य आणि ऐकणाऱ्याच्या कानी लक्षणिक असतो, आणि या दोहोंमधील अंतरातच नीतीला उभे राहायला जागा मिळते. ते अंतर मिटले की शब्दाची घोषणा होते.

३

२००३ च्या चित्रपटाचे सामर्थ्य हे अंतर राखण्यात होते. तेजपूर नावाच्या कल्पित गावात आलेला पोलीस अधीक्षक अमितकुमार (अजय देवगण) कायद्याचा आग्रह धरतो. त्याच्याच हाताखालचे पोलीस ठाण्यात गुन्हेगारांचे डोळे फोडतात, गाव त्यांचा जयजयकार करते, आणि मग जमाव स्वतःच अॅसिड हाती घेतो. नायकाच्या वाट्याला येथे विजय येत नाही. येते ती लज्जा, कारण जे घडले ते त्याच्या ठाण्यात, त्याच्या गणवेशात घडले आहे. समाजाला जसा तो स्वतः असतो तसेच पोलीस मिळतात, हा चित्रपटातील विचार पोलिसांची सुटका करण्यासाठी येत नाही. प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात ओढण्यासाठी येतो.

सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाला तर पळवाट आणखीच कमी होती. या बिहारचे चित्रीकरण वाई परिसरात झालेले होते. प्राज्ञपाठशाळेची आणि विश्वकोशाची ही वाई पडद्यावर तेजपूर झाली. साधू यादवच्या भूमिकेत मोहन जोशी होते. ‘हे तिकडचे, आपल्याकडचे नव्हे’ असे म्हणण्याची जी सोय प्रादेशिक अहंकार एरवी पुरवतो, ती ओळखीचे रस्ते आणि ओळखीचा चेहरा पाहताना निसटते. निर्मात्याने वाई सोयीसाठी निवडली असेल. पण कलाकृतीचा अर्थ निर्मात्याच्या हेतूशी बांधलेला नसतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

४

आता उत्तरभागाकडे वळू. ‘जय गंगाजल’ कथेने पुढचा भाग नाही; पात्रे वेगळी, गाव वेगळे. चित्रपटाने मागून घेतले ते फक्त नाव, आणि त्या नावामागे एक ‘जय’ लावला. येथेच सारे बिनसले. ज्या शब्दाचा उच्चार करताना जीभ अडखळावी, त्याचा जयजयकार कसा करायचा? उपरोधाला जयघोष जोडला की उपरोध मरतो आणि उरते ती आरती.

या शीर्षकाचा न्याय मग सर्व रचनेला लागू होतो. अॅसिडच्या जागी येथे फास येतो. शेतजमीन हडपणारे, आमदाराच्या आश्रयाने माजलेले गुंड आणि आत्महत्येकडे ढकलले जाणारे शेतकरी अशी सामग्री हाताशी असूनही चित्रपटाचा भर राहतो तो दोन गोष्टींवर : अधीक्षक आभा माथुर हिने भर रस्त्यात गुंडांना केलेल्या मारहाणीवर आणि भ्रष्ट अधिकारी बी. एन. सिंह याच्या हृदयपरिवर्तनावर. कायद्याची भाषा याही चित्रपटात आहे. पण कॅमेऱ्याचा आनंद काठीत आहे. पहिल्या चित्रपटात जमावाची टाळी ऐकून प्रेक्षकाचा हात थबकत असे. दुसऱ्यात जमाव आणि प्रेक्षक एकाच वेळी टाळी देतात. भ्रष्ट पोलीस स्वतः दिग्दर्शकानेच रंगवावा आणि त्याचीच शुद्धी कथेचा गाभा व्हावी, याला केवळ आत्मप्रेम म्हणणे अपुरे आहे. ज्या गणवेशाची चौकशी पूर्वी चालू होती, त्याला आता पश्चात्तापाच्या मार्गाने निर्दोष ठरवले जात आहे.

ही घसरण एकट्या हिंदी चित्रपटाची नाही. अमेरिकेतील खूनमालिकांच्या भयपटांत विल्यम लस्टिग यांचा ‘मॅनियाक कॉप’ (१९८८) हा या दृष्टीने बोलका आहे. या प्रकारच्या चित्रपटांत खुनी बहुधा मुखवटा घालतो. येथे पोलिसाचा गणवेश हाच मुखवटा आहे. त्यामुळे भीती एका माणसापुरती राहत नाही. भेदरलेली एक स्त्री जवळ येणाऱ्या निरपराध पोलिसावरच गोळी झाडते. रक्षक आणि भक्षक यांच्यातील खूणच पुसली गेलेली असते. दुसऱ्या भागात (१९९०) खुनी कॉर्डेलवर झालेल्या अन्यायाचे परिमार्जन होते आणि त्याला सन्मानाने मूठमाती मिळते. तिसऱ्यात (१९९३) मंत्रतंत्राने उठवलेला हाच कॉर्डेल एका जखमी पोलीस स्त्रीसाठी झुरतो. भागागणिक खुन्याला करुणा मिळत जाते आणि गणवेशाविषयीची शंका मावळत जाते. तिसरा भाग कंटाळवाणा होतो तो रक्त कमी पडल्यामुळे नव्हे, तर शंका संपल्यामुळे.

सांगलीच्या वाचकाला याचे वेगळे नवल वाटू नये. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी याच गावी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतील नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ करीत प्रवेश करी. त्याचा रंग, त्याची आरोळी यांतून तो कोण हे क्षणात कळे. खुनी पोलिसाचे पात्र भयंकर ठरते ते ही आरोळी नसल्यामुळे. उत्तरभाग ती आरोळी परत आणतो : राक्षस बाहेर, देव गणवेशात. दीडशेहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा त्याच रंगमंचावर येतो. फरक इतकाच की, भाव्यांच्या नाटकाने स्वतःला वास्तव म्हणवले नव्हते.

५

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लोकप्रिय चित्रपटावर इतका नैतिक भार टाकू नये. परंतु हा भार समीक्षेने टाकलेला नाही. तो चित्रपटानेच उचललेला आहे. भागलपूरच्या जखमेचे नाव घेऊन जो तिकिटे विकतो, त्याला ‘ही तर करमणूक’ या ढालीमागे लपता येत नाही. ज्या अजय देवगण यांनी अमितकुमारची लज्जा साकारली, त्यांनीच ‘सिंघम’ (२०११) मध्ये बाजीराव सिंघम साकारला. तेथे अखेरीस सारे पोलीस दल राजकारणी खलनायकावर चालून जाते आणि न्याय झाला असे दाखवले जाते. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये याच शेवटाचा उल्लेख करून अशा चित्रपटांच्या घातक संदेशाविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. जी गोष्ट न्यायाधीशाला दिसते, ती समीक्षकाने तंत्राच्या यादीत हरवून टाकावी, हे लाजिरवाणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच मातीतून येतो. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. गुंडांच्या आणि फितुरांच्या तळपायांवर दिल्या जाणाऱ्या शिक्षेमुळे लोक त्याला पत्री सरकार म्हणू लागले. मग लोकांच्या हातचा दंड आपणच गौरवला नाही काय? गौरवला, आणि त्यातील कठोरपणाची चिकित्साही झाली पाहिजे. तथापि तो दंड परक्या राजवटीविरुद्ध होता, आणि तो देणाऱ्यांच्या मागे त्या राजवटीचाच ससेमिरा होता. कोठडीतील दंड देणाऱ्याच्या पाठीशी संपूर्ण राज्यसंस्था असते आणि सोसणाऱ्याचे हात बांधलेले असतात. या दोहोंना एका माळेत ओवणे म्हणजे इतिहासालाही ‘जय’ लावणे होय.

६

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. तो पळून गेला, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे तपासात जे समोर आले ते असे की, मारहाणीत त्याचा मृत्यू झाला होता आणि त्याचा देह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आला होता. एका उपनिरीक्षकासह पोलीसच आरोपी झाले. अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम ‘डी. के. बसू’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच घालून दिले होते. ते नियम एकवीस वर्षे उपलब्ध होते.

साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेत एक शब्द वाचावा : ‘पळून गेला’. ही एक छोटीशी संहिता आहे. तिला नायक आहे, खलनायक आहे, सोयीस्कर शेवट आहे. आणि श्रोत्याने तिच्यावर विश्वास ठेवावा अशी तिची अपेक्षा आहे. जो श्रोता रात्रीच्या खेळाला ‘त्याला तसाच हवा’ म्हणत आला आहे, तो सकाळी या संहितेला प्रश्न विचारील काय? चित्रपट पाहून कोणी खून करतो, असा बाळबोध कार्यकारणभाव येथे मांडायचा नाही. मुद्दा वाचनाच्या सवयीचा आहे. विपरीत लक्षणा ओळखण्याची शक्ती ज्या समाजात क्षीण होते, तेथे ‘गंगाजल’ हे गंगाजलच वाटू लागते, ‘चकमक’ ही चकमकच वाटू लागते आणि ‘पळून गेला’ म्हणजे पळूनच गेला असे ठरते.

शब्दशक्तींचे प्रकरण आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो; अभिधा, लक्षणा, व्यंजना यांची उदाहरणे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. ती उदाहरणे ‘गंगायां घोषः’ या जुन्या वाक्यापाशीच थांबली असतील, तर ते शास्त्र आपण मृत करून ठेवले आहे. त्याच गंगेचे नाव घेऊन आपल्या काळात एक भयंकर लक्षणा जन्माला आली, एका चित्रपटाने ती ओळखली आणि दुसऱ्याने विसरली. दुसऱ्याच्या अपयशाची नोंद पटकथेच्या सैलपणाखाली करून आपण थांबलो, तर त्या विस्मरणात आपलाही वाटा राहील.