लिटर आणि फॅट

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या महाविद्यालयात वाचन प्रेरणा दिन साजरा झाला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो वाचनासाठी पाळला जातो. त्या दिवशी 'वर्षातील उत्कृष्ट वाचक' म्हणून माझे नाव पुकारले गेले. टाळ्या झाल्या, प्रमाणपत्र मिळाले, पाहुण्यांनी शाबासकी दिली. ग्रंथालयाच्या नोंदीप्रमाणे मागील वाचन प्रेरणा दिनापासून वर्षभरात मी ४६ पुस्तके घरी नेली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने ४४. हा लेख त्या ४६ या आकड्याविषयी आहे. मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, आधी कबुली देते आणि मग मत मांडते. कारण कबुलीवाचून माझ्या मताला काही किंमत नाही.

आमचे गाव आटपाडीच्या बाजूला, माणदेशात. घरात तीन गाई, दीड एकर डाळिंब आणि पावसाच्या मर्जीवरची ज्वारी. आप्पा सातवीपर्यंत शिकले, आई सहीपुरती. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. माझ्या पाठ्यपुस्तकांखेरीज घरात छापील कागद म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर, एक पोथी आणि दूध डेअरीचे पासबुक. या पासबुकावरूनच मला वाचनाची वही ठेवण्याची कल्पना सुचली. तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, दर, रक्कम असे रकाने त्यात असतात. तसेच रकाने मी दोनशेपानी वहीत आखले : तारीख, पुस्तकाचे नाव, लेखक, पाने, आणि पुरे झाले तर बरोबरची खूण. पण आखताना पासबुकातला एक रकाना मी विसरले. कोणता, ते पुढे सांगते.

प्रमाणपत्र आप्पांनी कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून लावले. येईल त्याला ते दाखवायचे. पुढच्या रविवारी धाकटे चुलते आले. ते म्हणाले, "शेचाळीस पुस्तकं वाचली म्हणं पोरीनं! मग त्यातलं एखादं सांग की गं." आप्पाही सरसावून बसले. मी वहीतले एक नाव घेतले. लेखक सांगितला. पाने किती तेही सांगितले. पुढे काही येईना. दुसरे नाव घेतले, तिथेही तेच. चुलते हसले आणि म्हणाले, "म्हंजी गावाची पाटी वाचलीस, पर गावात गेली न्हाईस." आप्पा काही बोलले नाहीत. उठून गाईंना वैरण टाकायला गेले. परीक्षेत नापास झाले असते तरी मला इतके वाईट वाटले नसते.

त्या रात्री वही घेऊन बसले आणि ४६ पुस्तकांचा खरा हिशेब मांडला. तो असा : ७ पुस्तके मी उघडलीसुद्धा नव्हती, आठ दिवस पिशवीत ठेवून परत केली. ९ पुस्तके अभ्यासक्रमाची. त्यांतून प्रश्नांची उत्तरे उतरवून घेतली, एवढेच. ११ अर्ध्यावर सोडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली पुस्तके भरली १९. आणि या १९ पैकी ८ तर साठ पानांच्या आतली. ती मी ऑगस्ट-सप्टेंबरात घाईघाईने वाचली, कारण तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी पुढे आहे असे कानावर आले होते. कपाटापुढे उभी राहून मी तेव्हा लेखकाचे नाव पाहत नव्हते, पुस्तकाची जाडी पाहत होते. म्हणजे राहिली अकरा.

एवढ्यावर संपले असते तरी चालले असते. पण त्या न उघडलेल्या सातांपैकी एक पुस्तक माझ्याच वर्गातल्या एका मैत्रिणीला प्रकल्पासाठी हवे होते. ती दोनदा ग्रंथालयात जाऊन आली. "बाहेर गेले आहे," असे तिला सांगण्यात आले. ते बाहेर म्हणजे माझ्या पिशवीत होते. एस.टी.त ती माझ्याच शेजारी बसून आपली अडचण सांगत होती, तेव्हा मला माहीत नव्हते की ती ज्या पुस्तकाविषयी बोलते आहे ते माझ्या मांडीवर आहे. माहीत नव्हते, कारण पिशवीत काय आहे तेच मी पाहिले नव्हते. तिची माफी मी मागितली आहे. येथे पुन्हा मागते.

आता डेअरीकडे वळते. आमच्याकडे संकलन केंद्रावर दूध गेले की आधी ते मोजतात, मग त्यातला नमुना यंत्राला लावतात. फॅट किती आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घट्ट पदार्थ किती, ते पावतीवर येते. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून दर ठरतो. त्याखाली गेले की दर कापला जातो. दुधात पाणी घातले तर लिटर वाढतात, पण पावती लगेच चुगली करते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आणि मी, तीन गाईंच्या घरातली मुलगी, वर्षभर वाचनाच्या कॅनमध्ये पाणी ओतत राहिले. माझ्या वहीत लिटरचा रकाना होता. विसरले होते तो फॅटचा.

मग त्या अकरा पुस्तकांत फॅट किती लागली? दोन पुस्तकांविषयी सांगते.

पहिले 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. माडगूळकर आमच्याच भागातले. धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, तिथल्या माणसांत मिसळतो आणि शेवटी दुष्काळाने ती वाडी मोडते, एवढीच गोष्ट. मी ती दिवाळीच्या सुट्टीत वाचत होते. आप्पांनी सहज विचारले म्हणून दोन पाने मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, "थांब, पुन्हा वाच." मग चार संध्याकाळी आम्ही ओसरीवर तेच वाचत बसलो. शेवट ऐकून आप्पा १९७२ च्या दुष्काळाविषयी बोलू लागले. त्यांचा जन्म त्यानंतरचा. पण त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, आजीही बरोबर होती. एकोणीस वर्षांत ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होते. पुढे अर्थशास्त्राच्या तासाला रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ चा, पण मुळाशी अशीच दुष्काळी कामे, हे सरांनी सांगितले. वर्गात बाकीचे टिपण घेत होते. मला मात्र खडीचा ढीग दिसत होता आणि त्यावर बसलेली माझी आजी.

दुसरे 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. हे मी आईसाठी वाचले. ती चुलीपुढे भाकरी थापायची, मी दाराशी बसून वाचायची. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड ऐकून ती इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मागे एकट्या राहिल्या, तो भाग आला तेव्हा ती काम थांबवून ऐकत राहिली. "ही बाई शाळंत किती शिकली?" तिने विचारले. मी म्हटले, "शाळेत गेलीच नाही. लग्नानंतर नवऱ्याने वाचायला शिकवले." आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आमास्नी कुणी शिकवलं न्हाई, एवढंच म्हण की." मला उत्तर सुचले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वाचताना ती माझ्या खांद्यावरून पानाकडे पाहू लागली. आकडे तिला आधीपासून येत होते. आता काही अक्षरेही ओळखते.

'स्मृतिचित्रे' पुरे व्हायला पाच आठवडे लागले. माझ्या वहीत त्याची नोंद एक. आणि सप्टेंबरात एस.टी.त बसून चाळीस मिनिटांत संपवलेल्या एका पुस्तिकेची नोंदही एकच.

येथे माझा मुद्दा येतो. आपल्या ग्रंथालयात दोन पुस्तके आठ दिवसांसाठी मिळतात. पाच आठवड्यांच्या त्या वाचनासाठी मला चार वेळा मुदत वाढवून घ्यावी लागली. मुदतवाढ ही नवी नोंद धरली जात नाही. तेव्हा पुरस्काराच्या दृष्टीने मी त्या पाच आठवड्यांत एका हाताने बसूनच होते! जाड पुस्तक संथपणे वाचणारा मागे पडणार आणि पुस्तकांची ने-आण करणारा पुढे जाणार, हे या पद्धतीतच आहे. पद्धतीत पळवाट होती हे खरे, पण तिच्यातून पळाले ते मीच. मात्र उद्या दुसरे कोणी पळेल, म्हणून ती बुजवली पाहिजे.

१२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन. त्या दिवशीच्या व्याख्यानात डॉ. एस. आर. रंगनाथन यांची माहिती मिळाली होती. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ हे वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. तेव्हा हे मी नुसते टिपून घेतले. आता पुन्हा वाचते तेव्हा जाणवते, की हे सांगणारा माणूस गणिताचा. पण अमुक इतके वाचा, असा आकडा या पाचांत कुठेच नाही. आणि माझ्या पिशवीत आठ दिवस पडून राहिलेल्या पुस्तकाने त्यांतले पहिले तिन्ही सिद्धान्त एकदम मोडले होते.

कोणी म्हणेल, मग हा पुरस्कारच बंद करा. माझे मत तसे नाही. आकड्याचा मला राग नाही. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, त्यांना आकडा पोरकट वाटेल. पण माझ्यासारखीला ग्रंथालयाच्या दारात पाऊल टाकतानाच धाकधूक होते. काय मागावे, कसे मागावे, कळत नाही. वहीत एकाचे दोन, दोनाचे तीन झाले, तेव्हा मला धीर आला. आकडा नसता तर 'बनगरवाडी'पर्यंत मी पोचलेच नसते. डेअरीतही आधी लिटरच मोजतात. लिटर शून्य असेल तर फॅट कशाची लावणार? माझे म्हणणे इतकेच, की माप घेऊन थांबू नये, नमुनाही काढावा.

तो कसा काढावा, याविषयी तीन सूचना नम्रपणे मांडते. एक, पुरस्कारासाठी ज्यांची नावे पुढे येतील त्यांनी वाचलेल्या कोणत्याही एका पुस्तकावर दहा मिनिटे बोलावे, आणि ऐकणाऱ्यांनी त्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. माझ्या चुलत्यांच्या एका प्रश्नाने जे झाले, ते तिथेही होईल. दोन, जाड पुस्तकाला आठांऐवजी एकवीस दिवसांची मुदत मिळावी. तीन, न वाचता पडून राहिलेले पुस्तक लगेच परत करण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. यासाठी कोणत्याही नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

माझ्या वहीत मी आता एक रकाना वाढवला आहे. त्याचे नाव 'कोणाला सांगितले'. ज्या पुस्तकापुढे तो रकाना कोरा राहतो, ते मी मोजत नाही. या हिशेबाने ऑक्टोबरपासून आजवर माझी पाच पुस्तके झाली आहेत. या वर्षी पुरस्कार मला मिळणार नाही, हे उघड आहे.

प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. आप्पांना मी सगळा हिशेब सांगितला आणि ते काढून ठेवू का म्हणून विचारले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एखाद्या टायमाला आपलं बी दूध पातळ लागतं, म्हणून काय गाय इकायची? उद्यापास्नं नीट घाल." एवढे बोलून त्यांनी कंदिलाजवळ पाट सरकवला, कारण वीज गेली होती आणि आमचे एक प्रकरण अर्धे राहिले होते.