काचेतला प्रक्षेप

जुन्या मोटारींच्या नादी लागलेली मंडळी इंजिनाविषयी फार बोलतात. त्यांची खरी अडचण काचेची असते. पत्रा ठोकून पूर्ववत होतो, झिजलेला दांडा लेथवर पुन्हा घडवता येतो. काच मात्र फुटली की फुटली. ती नवीच करावी लागते, आणि नवी केलेली वस्तू जुनी म्हणून मिरवावी काय, हा प्रश्न तिथे उभा राहतो. आम्हां साहित्याच्या अध्यापकांना तो अपरिचित नाही.

आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात कारखान्यांची वाण नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद, रसायने, कापड असे बरेच काही होते. परंतु एका गाडीसाठी एकच काच करून देणे, हे कोणत्याही कारखान्याच्या हिशेबात बसत नाही. अगदी आरंभीच्या मोटारींची काच सपाट असे. तिचा पुठ्ठ्यावर नमुना काढून दोन थरांच्या सुरक्षा-काचेतून ती कापून घेता येते. वक्र काचेचे तसे नाही. तिच्यासाठी आधी साचा हवा. त्यावर काच ठेवून ती मऊ होऊन आपल्याच भाराने वाकेपर्यंत तापवायची, मग दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा घालून उष्णतेने व दाबाने त्या एकजीव करायच्या. साच्याचा खर्च एका काचेला तेवढाच, हजार काचांनाही तेवढाच! तापवून एकदम थंड केलेली कणखर काच तर नंतर कापताही येत नाही. कापू गेल्यास तिचा चुरा होतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी आमच्या पिढीने रस्त्यारस्त्यावर पाहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निघून गेली. जी गाडी काल सर्वत्र होती, तिचीच काच उद्या दुर्मीळ होणार, हे उघड आहे. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ ठरवताना चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत अशी अट घातली. काच त्या अटीत नाही. तेव्हा काचेपुरता प्रामाणिकपणा मालकाच्या आणि कारागिराच्या विवेकावर सोपवलेला आहे.

आमचा आक्षेप इथेच आहे. जुन्या काचेच्या कोपऱ्यात निर्मात्याची मुद्रा कोरलेली असते. पुष्कळदा वर्षाची खूणही. नवी काच घडवताना हौशी लोक ती मुद्राही हुबेहूब उठवून घेतात. नवी काच बसवणे सर्वथा योग्य. खोटी मुद्रा हा मात्र सरळ प्रक्षेप आहे. शिवाय तो निरुपद्रवीही नाही, कारण ती मुद्रा केवळ वंशावळ सांगत नाही, काच कोणत्या प्रतीची आहे याची हमीही देते. अपघातात काच कशी फुटेल, हे त्या हमीवर अवलंबून असते.

भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संशयित पाठ गाळून मोकळी जागा सोडली नाही, आणि तो निःसंशय असल्याचे सोंगही केले नाही. त्याखाली नागमोडी रेघ ओढली. वाचणाऱ्याचे वाचन अडत नाही, आणि ज्याला शोध घ्यायचा त्याला जागा सापडते. काचेच्या कोपऱ्यात आजच्या कारागिराचे नाव आणि आजचे वर्ष कोरले, तर तीच रेघ ओढल्यासारखे होईल. स्पर्धेतले परीक्षक अशा खुणेपायी गुण कापणार असतील, तर दोष परीक्षेचा आहे. (परीक्षकांविषयी याहून अधिक बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही.)

एवढ्यावर भागत नाही. प्रत करायला मूळ हस्तलिखित शिल्लक असावे लागते. पद्मिनी भंगारात देताना तिच्या पुढच्या-मागच्या काचा अखंड उतरवून घ्याव्यात, गाडीचे वर्ष लिहून त्या उभ्या ठेवाव्यात. पुठ्ठ्यावर बाह्यरेषा उतरते, वक्रता उतरत नाही. साचा करणाऱ्याला ती मूळ काचेवरूनच घ्यावी लागते.